अज्जाच्या बाजूची जागा

आमी लिंगायत. आमच्यात माणूस गेला की जाळत न्हाईत आन आडवंबी झोपवत न्हाईत, बसवतेत. आपल्याच शेतात खड्डा खांदायचा, आत एका अंगाला कोनाड्यासारखी जागा कोरायची, तिथं मांडी घालून बसवायचं. डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग. अंगाभवती भस्म, मीठ, बेलाची पानं. मंग माती. त्यामुळं आमच्यातली म्हातारी माणसं आपली जागा आधीच सांगून ठिवतेत, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतेत तशी.

माझ्या अप्पानं, म्हणजे वडलांनी, असाच रुमाल टाकला होता. अज्जाच्या बाजूला. अज्जा म्हणजे अप्पाचे वडील. आमचं गाव देवणीच्या अलीकडं, रान काळंभोर, आन त्या रानाच्या खालच्या कोपऱ्यात लिंबाखाली अज्जा बसलेत, माझ्या जन्माच्या आधीपासून. वर दगडाचा बारका ओटा हाय. अप्पा दर सोमवारी तिथं पाणी घालायचे आन म्हणायचे, "मला माझ्या बापाच्या मांडीला मांडी लावून बसवा. लई बोलायचं राहिलंय."

अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, "जित्तेपणी तर दोघं एका खाटंवर कधी बसले न्हाईत."

"म्हणूनच की."

ह्या गोष्टी कुणी मनावर घेत नव्हतं. मी तर न्हाईच. माझं समदं ध्यान आवाजात. शाळेपासून मी आवाज काढतो. हेडमास्तर, खताचा दुकानदार, गावचे स्वामी, थंडीत चालू न होणारा ट्रॅक्टर, उदगीरच्या बाजारातला कांदेवाला. गॅदरिंगला माझं नाव पुकारलं की मास्तर लोक जरा सावरून बसायचे. फक्त अप्पाचा आवाज काढायला बंदी. एकदा काढला तवा चप्पल आली होती. "समद्या गावाचा काढ. बापाचा काढू न्हाई. बाप हाय अजून."

मंग अप्पाच्या पायाला सूज आली. जरा चाललं की दम लागायला लागला. लातूरला नेलं. डॉक्टरनं चष्म्यावरून बगितलं आन नाकातनं बोलले, "पंपिंग कमी झालंय. जपायचं. ओझं उचलायचं नाही." बाहेर आल्यावर अप्पा म्हणले, "म्हणजे मोटार चालू हाय, पाणी उचलंना."

येताना जीपमधी मी डॉक्टरचा आवाज काढून अप्पालाच त्यांच्या गोळ्या समजावून सांगितल्या. कोणची सकाळी, कोणची जेवल्यावर. अप्पा हसून हसून ठसकले. अव्वानं माझ्या पाठीत धपाटा घातला. "आत्ताच मारतूस का त्येंला!" मंग अप्पा हसायचे थांबले, खिडकीतनं बाहेर बगत राहिले आन उदगीर मागं पडल्यावर म्हणले, "घरी नको. आधी शेतात घे."

कोपऱ्यात आलो. अप्पा अज्जाच्या ओट्याला हात टेकून उभारले आन बाजूच्या जागंकडं बगतच राहिले. पहिल्यांदाच बगून राहिल्यासारखे. खरं म्हणजे तिथं जे होतं ते समदं त्यांनीच आणून टाकलेलं होतं.

तिथं पन्नी होती, रानातला प्लॅस्टिकचा कागद. तिची भानगड अशी. माझा मामा, अव्वाचा धाकटा भाऊ, अर्धापूरला असतो. केळीवाला. मी शाळेत असताना अप्पा त्याच्याकडं गेले आन तिथनं कुणाच्या तरी रानात हातरलेला मल्चिंग पेपर बगून आले. वरून चांदीसारखा, खालून काळा. बेडवर, म्हणजे मातीच्या गादीवाफ्यावर, पसरायचा, कडा मातीत दाबायच्या, भोकं पाडायची, रोप लावायचं. गवत न्हाई, खुरपण न्हाई, ओल उडत न्हाई. आमच्या गावात पहिला रोल अप्पानं आणला. लोक बांधावर उभारून हसले. "जमिनीला पँट शिवली व्हय?" त्या साली टरबूज असं उतरलं, की हसणारेच पुढच्या साली रोल घेऊन आले. अप्पा तवा गावातनं चालायचे ते बगण्यासारखं होतं.

पण पेपर हातरायला जेवढा सोपा, काढायला तेवढाच बेकार. आमच्याकडलं ऊन तुमाला ठावं हाय. टरबूज निघंपर्यंत कागदाचा पापड व्हतो. वढला की हातात एक तुकडा, बाकी मातीत. बायांना येचायला सांगितलं तर त्या म्हणल्या, "मालक, खुरपायचं सांगा, कापूस येचायचं सांगा. चिंध्या येचायला आमी काय भंगारवाल्या हाव का?" दुकानदारानं गालात तंबाखू धरूनच तोड काढली, "काका, कशाला टेन्शन घेता, रोटाव्हेटर मारा. मिसळून जातंय मातीत." अप्पानं मारला. समद्यांनीच मारला. मिसळलं, हे मातर खरं.

आन जे अख्खे गोळे हाताला लागले ते, ठिबकच्या फाटक्या नळ्या, खताच्या पोत्यांच्या चिंध्या, हे टाकायचं कुठं? रानात एकच जागा अशी, जिथं नांगर फिरत न्हाई आन कुणी पेरत न्हाई. अज्जाच्या बाजूची. अप्पा म्हणायचे, "राहू दे तिथं, कुणाच्या पायात येत न्हाई. अज्जा राखण करतेत." वर्साला थोडं थोडं. कधी पेटवून दिलं, अर्धं जळलं, अर्धं वितळून ढेकळाला चिकटलं. वर माती चढली, हरळी उगवली. दर सोमवारी अप्पा तिथंच उभारून पाणी घालायचे. ही आपलीच खिडकीजवळची सीट हाय, हे त्यांच्या मनात कधी आलं नसंल का? नसंल. माणूस दुसऱ्याच्या बाजूला कचरा टाकतो, स्वतःच्या न्हाई. आन अप्पा तवा धडधाकट होते.

"ह्यात बसवणार का मला?" अप्पा म्हणले.

अव्वा लिंबाकडं बगायला लागली.

मी म्हणलो, "दुसरी जागा बगू की. वर माळाला मोकळी—"

"काळीत जिंदगी गेली माझी, आन मेल्यावर मुरमात बसू?"

"मंग हेच साफ करतो."

"कर," अप्पा म्हणले. "मी असंपर्यंत कर. मला बगू दे."

दिवाळी झाली होती, हरभरा पेरून झाला होता. मी कुदळ, फावडं, घमेलं घेऊन लागलो. सुरवातीला सोपं गेलं. गोळे निघाले, नळ्या निघाल्या. देवणीहून भंगारवाला चाचा हातगाडी घेऊन आला. नळ्या घेतल्या, पन्नीला हात लावंना. "ये मिट्टी खाया हुवा माल है बेटा. इसकू कोई नै लेता."

मी त्याच्याच आवाजात इचारलं, "तो इसकू कौन लेता चाचा?"

चाचा हसला, वर आभाळाकडं बोट केलं. मंग खाटंवरच्या अप्पाकडं त्याचं ध्यान गेलं आन त्यानं बोट खाली घेतलं.

अप्पाची खाट लिंबाखाली आणून टाकली होती. तिथनं मुकादमी चालायची. "डावीकडं घे. आरं तुझं डावं न्हाई, माझं डावं. शाळेत काय शिकवलं रे तुला, नुसतं माकडासारखं आवाज काढायला?"

मोठं सरलं, मंग बारकं सुरू झालं. वीतभर माती उलथली, त्यात नखाएवढे तुकडे. अजून वीतभर, त्यात तांदळाच्या कणीएवढे. काळी बाजू वर आली की काळ्या मातीत दिसायचेच न्हाईत, ढेकूळ फिरवलं की चमकायचे. पोत्याचे धागे तर केसासारखे, मुळ्यांत गुतलेले. हरळीचं मूळ कोणतं आन पोत्याचा धागा कोणता, हे वढल्याबिगर कळायचं न्हाई. मूळ तुटायचं.

तपासायची रीत अप्पानंच काढली. घरातला काचेचा ग्लास मागवला. ऊन उतरलं की मी साफ केलेल्या जागंतली मूठभर माती आणायची, ग्लासात टाकायची, वर पाणी. अप्पा चमच्याच्या दांडीनं ढवळायचे आन ग्लास उजेडाकडं धरून वाट बगायचे. माती खाली बसायची. काडी-कचरा वर यायचा, तो बोटानं बाजूला करायचे. मागं उरायची बारीक चमचम, पाण्यावर तरंगणारी, दुधावर साय धरती तशी.

"अजून हाय," अप्पा म्हणायचे आन ग्लास उपडा करायचे.

दुसऱ्या दिवशी परत खांदायचं, परत येचायचं, परत ग्लास. "अजून हाय."

एकदा मी वैतागलो. "अप्पा, आता आख्ख्या शिवारात ह्याच्याहून साफ माती सापडायची न्हाई. देवळामागच्या बेलाखालची आणू का? तिच्यातबी निघंल."

"आण."

आणली. महादेवाच्या देवळामागची, जिथं कुणाचं कधी टरबूज न्हाई की मिरची न्हाई. ढवळली, बसली. वर चमचम आली. वाऱ्यानं पन्नी उडून आली असंल, न्हाईतर प्रसादाच्या पिशव्यांचे तुकडे होऊन. अप्पानं त्या ग्लासाला हात जोडले आन त्यो बाजूला ठिवला. त्या दिवशी 'अजून हाय' म्हणले न्हाईत.

संक्रांत झाली आन अप्पाचं खाणं कमी झालं. खाटंवरसुद्धा उशीला टेकून बसायला लागले. मुकादमीचा आवाज बारीक झाला, मला कुदळ थांबवून ऐकावं लागायचं. अव्वा हे समदं बगत होती. एके दिवशी ती म्हणली, "आज माती मी आणते. ह्याचं ध्यान न्हाई कामात."

तिनं पदराच्या ओच्यात माती आणली, ग्लासात टाकली, वर पाणी वतलं. अप्पानं ढवळलं. माती खाली बसली. वर नुसतं नितळ पाणी.

मी तर उड्या मारायच्या बेतात होतो. अप्पा मातर ग्लास धरून बसून राहिले.

"काडीबी न्हाई," अप्पा म्हणले.

"साफ झाली की," अव्वा म्हणली.

"मुळी न्हाई. खडा न्हाई. मुंगी न्हाई." अप्पानं ग्लास तिच्यापुढं धरला. "ही माती हाय का पुरणपोळीची कणीक?"

अव्वानं तोंडाला पदर लावला.

"चाळलीस न्हवं? पिठाच्या चाळणीनं?"

"मंग काय करू? रोज 'अजून हाय, अजून हाय' ऐकून जीव बेजार झालाय माझा. एक दिवस तरी न्हाई म्हणा की!"

अप्पा हसायला लागले. लई दिवसांनी तसे हसले, खांदे हलवून. "आन आता पीठ कशानं चाळशील?"

"दुसरी आणीन चाळणी. तुमाला काय करायचंय?"

अव्वाची बाजू घ्यावी म्हणून मी मोबाइल काढला. म्हणलं, कॅमेरा मोठा करून दावतो, चाळलेली का असंना, माती साफ झाली न्हवं. ग्लासाला चिकटवून धरला. पडद्यावर पाणी दिसलं, आन पाण्यात एक निळा केस, पोत्याच्या धाग्याचा. त्याच्या बाजूला अजून एक. पीठ जिच्यातनं जातं, त्या जाळीतनं ते आरामात आले होते. डोळ्याला दिसत नव्हते एवढंच. मी मोबाइल खिशात घातला.

"काय दिसलं?" अप्पानं इचारलं.

"काय न्हाई."

अप्पा माझ्या तोंडाकडं बगत राहिले. "लेका, तुला समद्या गावाचा आवाज काढता येतो, खोटं मातर बोलता येत न्हाई."

जरा येळानं त्यांनी मला खाटंजवळ बसवलं. "ऐक. ही वरची माती तुझ्याच्यानं साफ व्हायची न्हाई. माझ्याच्यानं बी झाली नसती. पण पुरुषभर खाली गेलास की पांढरट चिकण माती लागंल. तिथं नांगर न्हाई गेला, रोटाव्हेटर न्हाई गेला. ती कोरी हाय. खांदताना दोन ढीग करा. वरची एका अंगाला, खालची दुसऱ्या अंगाला. मला बसवलं की खालची आधी घाला, अंगाला ती लागू दे. वरची घाला समद्यात शेवटी. कळलं?"

"कळलं."

"दोन ढीग."

"व्हय अप्पा, दोन ढीग."

मला ते लई सोपं वाटलं. दोनच तर ढीग.

हरभरा घाट्यात आला होता तवा अप्पाला पहाटं दम लागला. लातूरला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. अव्वा आन मी तिकडंच. दवाखान्याचे कागद, गाडी, ह्यात मी फिरून राहिलो होतो. मामाला फोन केला, त्यो अर्धापूरहून निघाला आन आमच्या आधी गावात पोचला. दाजीवर त्याचा लई जीव. समदी येवस्था त्यानं हातात घेतली.

गाडीतनं मी त्याला सांगितलं, "मामा, खड्डा अज्जाच्या बाजूला."

"व्हय भाच्या, फिकीर करू नको. तू फकस्त दाजीला घेऊन ये. हिकडलं मी बगतो."

मला वाटलं, भावकीतली पोरं कुदळीनं खांदून राहिली असतील, येळ लागंल, पोचलो की ढिगाचं सांगू. मागं अव्वा होती, अप्पाचं डोकं मांडीवर घेऊन. फोनवर 'दोन ढीग' असं म्हणायला तोंड उघडंना माझं. ज्या तोंडानं आख्खं गाव बोलतं त्या तोंडाला हे दोन शब्द जड झाले.

शेताजवळ आलो तर लिंबाखाली पिवळा जेसीबी उभा. त्याचा डायवर बाजूला बिडी वढत बसलेला. खड्डा तयार. बाजूला ढीग, एकच. वरची माती खाली, खालची वर, मधली समदीकडं. पांढरट माती काळीत अशी कालवली होती, ज्वारीच्या पिठात गव्हाचं पीठ कालवावं तशी. तिपारचं ऊन त्या ढिगावर पडलं होतं आन ढीग चमकून राहिला होता.

मामा पुढं आला, डोळे लाल. "पोरांच्यानं येळ लागला असता रे. स्वामी म्हणले, दिस बुडायच्या आत बसवायचं. म्हणून बोलावला जेसीबी. आत कोनाडा मातर मी स्वतः उतरून कोरलाय, हातानं. बग, नीट झालाय का. दाजीला अडचण नको व्हायला."

मी बगितलं. लई नीट झाला होता.

"काय झालं भाच्या? बारका वाटतो का?"

"न्हाई मामा. बरोबर हाय."

अप्पाला फुलाच्या विमानात, म्हणजे सजवलेल्या डोलीत, बसवून आणलं. कपाळभर भस्म, डोक्याला फेटा, जसे एखाद्या लग्नाला निघालेत. भजन थांबलं. मी आन मामा खड्ड्यात उतरलो, वरनं अप्पाला खाली दिलं. कोनाड्यात बसवलं. भिंत थंडगार होती, पांढरट, ओली, तिच्यात एक कण बी चमकत नव्हता. अप्पाचं म्हणणं खरं होतं. तिथं ती माती कोरीच होती. अज्जा त्या भिंतीच्या पलीकडं. मी अप्पाची मांडी नीट सरकवून त्या अंगाला लावली. डाव्या हातावर लिंग ठिवलं, बेलाची पानं घातली, मीठ घातलं. आमाला वर घेतलं.

"पोरानं पहिली माती द्यायची," स्वामी म्हणले.

मी ढिगातली मूठ भरली. मुठीत बगितलं. खड्ड्याच्या काठावर हात धरला आन मूठ उघडंना.

"घाल बाळा."

मी खाली बसलो. एका हातातली माती दुसऱ्या हातात घेतली आन येचायला लागलो. एक तुकडा. एक धागा. परत एक तुकडा. आजूबाजूची माणसं बगून राहिली होती. पोराचं डोकं फिरलं असं वाटलं असंल त्यांना. स्वामींनी तोंड उघडलं तेवढ्यात अव्वा बायांमधनं पुढं आली, माझ्या बाजूला बसली, तिनंबी मूठ भरली आन तांदूळ निवडावे तशी निवडायला लागली.

मंग तिच्या मागं बसलेल्या बाया उठल्या. त्याच, ज्यांनी चिंध्या येचायला न्हाई म्हणलं होतं. ढिगाभवती गोल करून बसल्या.

"अगं बया, हे बग की किती हाय."

"आमच्या मिरचीच्या पट्टीत याहून जास्ती निघतंय."

"हळू फुंक गं, माझ्या तोंडावर उडवून राहिलीस."

"फुंकू नका, उडून परत मातीतच पडतंय. ह्याच्यात टाका." असं म्हणून एकीनं आपल्या डोक्यावरचा टावेल पसरला.

मामाला आधी काय कळंना. अव्वानं त्याला खालच्या आवाजात सांगितलं, ढिगाचं. मामा मटकन बसला. "मला कामून न्हाई सांगितलं रे," एवढंच म्हणला. जेसीबीकडं बगितलं, आन मंग केळीच्या घडाला कपडा बांधणाऱ्या त्या जाड बोटांनी धागे वढायला लागला. भावकीतले बाप्ये बसले. जेसीबीचा डायवर बिडी टाकून आला आन कडंला बसला. स्वामींनी दिसाकडं बगितलं, धोतर सावरलं आन एक मूठ आपल्या पुढं वढली. निवडलेली माती ज्यानं त्यानं उठून खड्ड्यात घालायची, परत येऊन दुसरी मूठ घ्यायची. अप्पाच्या फेट्यावर माती अशी हळू पडत होती, जशी झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून कुणी जपून घालावी.

टावेलवर पन्नीचा ढीग वाढला. खरा ढीग तेवढाच राहिला. एवढी माती एवढ्या माणसांनी मूठमूठ निवडायची म्हणजे पावसाळा येऊन गेला असता. आन मला ठावं होतं, निवडलेल्या मुठीतबी ते निळे केस असणारच. माझ्या मोबाइलनं बगितलं होतं ते, ह्या बायांना कसं सांगू? दिस लिंबाच्या मागं गेला.

"साकु," अव्वा म्हणली.

साकु म्हणजे बास. अव्वाचं माहेर कानडी मुलखाच्या कडंला, जीव लई दाटला की ती कानडीत बोलती. समद्यांचे हात थांबले.

"साकु. दिस बुडून राहिला. घाला आता." तिनं हातातली मूठ तशीच, न निवडता, खड्ड्यात सोडली. "त्येनीच पेरलंय ते. त्येच्यासंगं जाऊ द्या."

मंग फावडी लागली.

गुढीपाडव्याच्या सुमाराला अवकाळी पाऊस पडला. समाधीवरची माती बसली आन चांदी वर आली. अव्वा सोमवारी पाणी घालायला जाती तवा आधी खाली बसून ती येचती, पदराच्या गाठीला बांधून घरी आणती. पुढच्या पावसाला परत वर येती. ती म्हणती, "घरातला केर रोज काढतोच की."

गावात लोक भेटले की सुरवातीला आवाज काढायला सांगायचे, मन हलकं व्हावं म्हणून. दुकानदाराचा काढला, स्वामींचा काढला. एक जण म्हणला, "आता अप्पाचा काढ की, आता कोण मारतंय तुला." मी हसून उठून गेलो.

मृगाच्या तोंडाला मिरचीचा इषय निघाला. मी म्हणलो, औंदा नुसती लावू, पन्नी नको. अव्वानं इचारलं, "खुरपणार कोण? बाया मिळंनात. मी एकटी? का तू? तुझ्या आवाजानं गवत मरत असंल तर सांग, मंग नको आणू." मी दोन दिवस बाया हुडकल्या. मंग देवणीला जाऊन रोल आणला. दुकानदार म्हणला, "काका असते तर..." आन रोलवरची धूळ झटकायला लागला. मी त्याची नक्कल केली न्हाई.

पेपर हातरायला तिघं लागतेत. रोलमधी पाइप घालून एकानं वढत न्यायचं, एकानं मागनं ताणून धरायचं, एकानं कडा मातीत दाबायच्या. वढायला शेजारचा गडी होता, ताणायला मी, कडा दाबायला अव्वा. ती गुडघ्यावर बसून पन्नीची कड मातीखाली खोचत येत होती, लेकराच्या अंगाखाली गोधडी खोचावी तशी. तेवढ्यात वारं सुटलं, पन्नी फुगली, गड्यानं पुढं ढील दिली आन मी वरडलो, "वढ रे, वढ! ढिला सोडू नको, बापाचा माल हाय का!"

आवाज माझा नव्हता. मी काढलाबी नव्हता. आपला आपला आला, तोंडातनं, छातीतनं, तसाच्या तसा, शेवटी जरा दम लागल्यासारखा.

गडी जागच्या जागी उभा राहिला. अव्वाचे हात मातीत तसेच राहिले. तिनं मान वळवून माझ्याकडं बगितलं न्हाई. लिंबाकडं बगितलं. मंग परत कड दाबायला लागली.

ओळ कोपऱ्याकडं सरकत गेली. समाधी दोन हातावर आल्यावर अव्वा म्हणली, "हितं तोड. म्होरं नको."

मी इळ्यानं पन्नी कापली. कापल्याबरोबर टोक वाऱ्यानं उचललं आन फडफड करत समाधीकडं झेपायला लागलं. अव्वानं त्याच्यावर ढेकूळ ठिवलं, ढेकूळ फुटलं. माती लोटली, वाऱ्यानं ती बी उडवली. मंग ती स्वतःच त्या टोकावर बसली, पाय दुमडून, लिंबाकडं तोंड करून.

"जा, दगड बगून आण," ती म्हणली. "चांगले जड आण. तवर मी बसते हितं."